एलोरा, फर्गस, पॅरिस आणि १ जानेवारी २०२७ : ऑन्टारियो सरकारला एक खुलं पत्र

प्रति,
नागरिकत्व आणि बहुसांस्कृतिकता खात्याचे मंत्रीमहोदय
आणि ऑन्टारियो विधानसभेचे सर्व सदस्य

सप्रेम नमस्कार.

मी कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात ग्रँड नदीच्या काठी राहते, फर्गस आणि एलोरा या दोन गावांच्या मधे. पत्र मराठीत लिहितेय कारण ते तुमच्याबरोबर आमच्या लोकांनीही वाचायला हवंय, ब्रॅम्प्टन, मिसिसागा, किचनर-वॉटर्लू, इथलं ऑन्टारियोतलं लंडन, सगळीकडे आता मराठी माणूस आहे, त्यातले बरेच मतदार आहेत आणि दर उन्हाळ्यात हीच मंडळी गाड्या भरून एलोराची घळ बघायला येतात. इंग्रजी प्रत तुमच्या ऑफिसला वेगळी पाठवली आहे.

विषय असा आहे. २०२२ साली तुम्ही बिल २३ आणलंत, 'मोअर होम्स बिल्ट फास्टर' नावाचं. घरं पटापट बांधता यावीत म्हणून केलेला कायदा, पण जाता जाता त्यात हेरिटेज कायद्यालाही हात लावलात, आणि तो बदल बहुतेकांच्या लक्षातही आला नाही. गावाच्या हेरिटेज रजिस्टरमधे, म्हणजे जपण्यासारख्या जुन्या इमारतींच्या यादीत, दोन प्रकारच्या इमारती असतात. एक डेझिग्नेटेड, म्हणजे त्यांच्यासाठी गावाने रीतसर बायलॉ, म्हणजे स्थानिक नियम, केलेला असतो, पाडायचं किंवा मोठा बदल करायचा तर कौन्सिलची परवानगी घ्यावी लागते. दुसऱ्या नुसत्या लिस्टेड. लिस्टेडला संरक्षण असं फार नसतंच, मालकाला पाडायचं असेल तर त्याने ६० दिवस आधी गावाला कळवायचं, एवढंच. त्या ६० दिवसांत गाव जागं होतं, कागद काढतं, मालकाशी बोलतं. बिल २३ ने ठरवलं की ३१ डिसेंबर २०२२ ला जी नावं नुसती लिस्टेड होती त्यांच्यासाठी दोन वर्षांत डेझिग्नेशनची नोटीस काढा, नाहीतर नाव रजिस्टरमधून काढून टाका, आणि एकदा काढलं की पुढची पाच वर्षं परत घालता येणार नाही. आरडाओरडा झाला म्हणून २०२४ मधे बिल २०० आणून १ जानेवारी २०२५ ची तारीख १ जानेवारी २०२७ केलीत. मुदत वाढली, नियम तसाच राहिला.

त्या दिवशी कुठेही बुलडोझर दिसणार नाही, त्यामुळे बातमी पण होणार नाही. प्रांतभरातली हजारो नावं कागदावरून जातील आणि ज्यांची घरं आहेत त्यांना सोडून कुणाला पत्ताही लागणार नाही, म्हणून आत्ता लिहितेय.

आता मला यात पडायचं कारण काय, तर मी मूळची पैठणची. गोदाकाठचं गाव, नाथांचं गाव. जुने वाडे कसे जातात ते मी लहानपणापासून बघितलंय, एका दिवसात कुणी पाडत नाही. आधी दुर्लक्ष होतं, भाऊबंदकीत दरवाजाला कुलूप लागतं, मग भिंतीत पिंपळ येतो, मग एखाद्या पावसाळ्यात मागची बाजू बसते, आणि मग सगळेच म्हणतात की आता धोकादायक झालाय, पाडलेलाच बरा. कोरीव खांब भंगारवाल्याकडे जातात. नंतर सगळ्यांना वाईट वाटतं, पण वाईट वाटायला लागतं तोवर काँक्रीट भरून झालेलं असतं. इथे तसं होऊ नये असं मला फार मनापासून वाटतं.

आणि एलोराचं तर आमच्याशी नातंच आहे. १८३२ मधे कॅप्टन विल्यम गिल्किसनने इथे जमीन घेऊन गाव वसवलं आणि आपल्या भावाच्या जहाजाचं नाव गावाला दिलं, त्या जहाजाचं नाव आमच्या वेरूळच्या लेण्यांवरून ठेवलेलं होतं. पैठण आणि वेरूळ एकाच जिल्ह्यातले. इथे फिरायला येणाऱ्या मराठी माणसांपैकी निम्म्यांना तरी हे माहीत नसतं, सांगितलं की ते परत एकदा पाटीसमोर उभे राहून फोटो काढतात.

ही गावं नुसती फोटोपुरती नाहीयेत हे तुम्हाला वेगळं सांगायला नको, तरी सांगते, कारण कायदा करताना ते कुणी डोळ्यासमोर ठेवलं असावं असं वाटत नाही. ग्रँड नदी साधारण २८० किलोमीटरची, डंडॉककडच्या उंच भागातून निघून पोर्ट मेटलंडला लेक ईरीला मिळते. १९९४ मधे ती कॅनेडियन हेरिटेज रिव्हर जाहीर झाली, आणि त्यात नदीइतकाच तिच्या काठच्या माणसांच्या इतिहासाचा विचार झाला होता. पाणी जिथे खाली पडतं तिथे गिरणी, गिरणीभोवती लोहार, चामड्याचं काम, दुकानं, चर्च, पूल, अशी एकेक करून ही गावं वाढली. एलोराला घळीच्या तोंडाशी दगडी गिरणी आहे, पाच मजली, आणि तिच्या समोर धबधब्याच्या मधोमध एक खडक पाण्यात उभा आहे, त्याला लोक 'टूथ ऑफ टाइम' म्हणतात. फर्गस १८३३ मधे ॲडम फर्ग्युसन आणि जेम्स वेब्स्टर या स्कॉटिश माणसांनी वसवलं. वेस्ट माँट्रोजला १८८१ चा छप्पर असलेला लाकडी पूल आहे, तसल्या जुन्या पुलांपैकी ऑन्टारियोत उरलेला तो एकमेव. आमच्या घराजवळच वेलिंग्टन काउंटीचं म्युझियम आहे, १८७७ ची इमारत, मुळात ते गोरगरिबांना ठेवायचं घर होतं, म्हातारे, आजारी, निराधार बायका यांना तिथे आणून ठेवत. आज ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. गरिबांची घरं सहसा कुणी जपत नाही, ही जपली गेली म्हणून त्या माणसांबद्दल काही कळतं तरी.

पण मला सगळ्यात जास्त कुठलं गाव आवडत असेल तर ते पॅरिस, फ्रान्सचं नव्हे, इथलं. ग्रँड आणि निथ या दोन नद्यांच्या संगमावरचं. १८२९ मधे हायरम केप्रनने तिथे जमीन घेतली, जमिनीत जिप्सम सापडायचं, ज्याचं प्लॅस्टर ऑफ पॅरिस होतं, त्यावरून गावाचं नाव. तिथल्या गोट्यांच्या भिंती मी कितीतरी वेळा जवळ जाऊन बघितल्यात. लिव्हाय बॉटन नावाचा गवंडी न्यूयॉर्क राज्यातून इकडे आला आणि ही पद्धत त्याने आणली. शेतातले, नदीतले मुठीएवढे गोटे, सगळे जवळपास एकाच मापाचे निवडलेले, एकावर एक ओळीने बसवलेले, आणि दोन ओळींच्या मधे चुन्याची बारीक उभार असलेली रेघ, इतकी सरळ की दोरी लावून ओढल्यासारखी. हात फिरवला की प्रत्येक गोटा वेगळा लागतो, लांबून मात्र भिंत एखाद्या विणलेल्या कापडासारखी दिसते. १८३९ चं सेंट जेम्स चर्च असंच आहे. गावाबाहेरचं १८४५ चं पॅरिस प्लेन्स चर्च तर लोकांनी स्वतःच्या शेतातले दगड गोळा करून बांधलं. अशा इमारती कॅनडात दुसरीकडे एवढ्या एका जागी सापडणार नाहीत.

याच पॅरिसमधे १० ऑगस्ट १८७६ ला अलेक्झांडर ग्रॅहम बेलने रॉबर्ट व्हाइटच्या बुटांच्या दुकानात बसून ब्रँटफर्डहून तारेवरून आलेला आवाज ऐकला. जवळपास १३ किलोमीटर, बॅटरी पार टोरांटोत. आवाज एकाच बाजूने येत होता, उत्तर द्यायचं तर तारच करावी लागत होती. पहिला लांब पल्ल्याचा फोन म्हणून जगभर याची नोंद आहे आणि तो झाला एका लहान गावातल्या चपला-बुटांच्या दुकानात. आज तुमच्या नियमाने असं एखादं दुकान नुसतं लिस्टेड असतं तर त्याला डेझिग्नेट करायला कुणाकडे वेळ असता का, हा माझा प्रश्न आहे.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार, हे काम तुम्ही अशा लोकांवर टाकलंत ज्यांच्याकडे ते करायला माणसंच नाहीत. एक इमारत डेझिग्नेट करायची म्हणजे काय काय लागतं बघा. जमिनीचे जुने व्यवहार, नकाशे, जुने पेपर चाळायचे, नियमातल्या नऊ निकषांपैकी निदान दोन बसतात हे लेखी दाखवायचं, कमिटीचा सल्ला घ्यायचा, मालकाला नोटीस, लोकांना नोटीस, ३० दिवस हरकती, मग १२० दिवसांच्या आत बायलॉ, त्यावर परत लँड ट्रायब्युनलकडे अपील. टोरांटोकडे या कामाला पगारी माणसं आहेत. आमच्यासारख्या गावांत एखादा प्लॅनर असतो जो हेरिटेजपासून पार्किंगपर्यंत सगळं बघतो, आणि बाकी हेरिटेज कमिटी म्हणजे रिटायर झालेले शिक्षक, शेतकरी, लायब्ररीत काम केलेल्या बायका, सगळं फुकट, संध्याकाळी जेवण झाल्यावर. या लोकांनी वर्षानुवर्षं गल्लीबोळ फिरून लिस्ट केली होती. ती पुसून टाकायला तुम्ही तारीख दिलीत, पण ती पुरी करायला एक डॉलर दिला नाहीत.

दुसरी, लिस्टेडचा उपयोगच संपवलात. कुणी झोनिंग, म्हणजे जागेच्या वापराचा नियम, बदलायचा किंवा जमिनीचे तुकडे करून प्लॉट करायचा मोठा अर्ज केला की त्यानंतर गावाला डेझिग्नेशनची नोटीस काढायला ९० दिवस मिळतात, आणि तेही ती इमारत आधीपासून रजिस्टरमधे असेल तरच. म्हणजे १ जानेवारी २०२७ नंतर ज्यांची नावं गेली त्यांच्या बाबतीत बिल्डरचा अर्ज आला की गावाचे हात बांधलेले. पाच वर्षं वाट बघा आणि मग परत लिहा म्हणता, पण पाच वर्षांत तिथे कॉन्डो उभा राहून लोक राहायलाही येतात हो.

तिसरी तक्रार आमच्याबद्दल आहे आणि हीच मला सगळ्यात लागलेली आहे. या कायद्याचं सगळं समर्थन एका वाक्यावर उभं होतं, की दहा वर्षांत १५ लाख घरं हवीत, लोक येतायत, घरं नाहीयेत. ते येणारे लोक म्हणजे आम्ही. घरांची चणचण काय असते ते आम्हाला कुणी सांगायला नको, बेसमेंटमधे राहिलेलं मराठी कुटुंब या प्रांतात कुठल्याही गावात सापडेल, भाडं भरून महिनाअखेरीला काय उरतं ते आम्हालाच माहीत. घरं बांधाच, जोरात बांधा. पण फर्गसमधलं १८५० च्या सुमाराचं एक दगडी घर पाडल्याने ब्रॅम्प्टनमधल्या मुलाला खोली मिळत नाही. खोली मिळते ती मोठ्या पार्किंगच्या जागा, बंद पडलेले मॉल, एकमजली दुकानांच्या रांगा यांच्यावर बांधून, आणि जुन्या गिरण्यांमधे फ्लॅट करून, ज्याची उदाहरणं याच नदीच्या काठी केंब्रिजच्या गॉल्ट भागापर्यंत बघायला मिळतात. आमचं नाव घेऊन ही लिस्ट पुसू नका. नवे आलेले लोक जुन्या गावांच्या विरोधात आहेत असं चित्र उभं राहतं, मग एखाद्या कौन्सिलच्या मीटिंगमधे जुने रहिवासी आमच्याकडे त्याच नजरेने बघतात, आणि ते आम्हाला सहन करावं लागतं. आणि गंमत म्हणून सांगत नाही, खरंच लक्ष वेधतेय, बहुसांस्कृतिकता आणि वारसा हे दोन्ही विषय तुमच्या एकाच खात्याकडे आहेत. आमचीही जबाबदारी तुमची आणि या इमारतींचीही. दोघांना एकमेकांसमोर उभं करायचं तुम्हाला काही कारण नाही.

चौथी, नदीच्या आधीच्या मालकांची. १७८४ मधे ब्रिटिश गव्हर्नर हॅल्डिमंडने जाहीर केलं होतं की ग्रँड नदीच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा मैल जमीन सिक्स नेशन्सची, म्हणजे सहा आदिवासी राष्ट्रांच्या संघाची. आज त्यांच्याकडे त्यातली पाच टक्क्यांच्या आसपास उरलीये. गावोगावच्या लिस्टमधे गिरणीमालकांची, बँकरांची घरं असतात, चर्च असतात, पण या लोकांच्या जागा फार कमी असतात. चीफ्सवुड बघा, ओश्वेकनजवळ, कवयित्री पॉलीन जॉन्सनचं जन्मघर, १८५० च्या दशकातलं. त्या घराला दोन पुढचे दरवाजे आहेत, एक रस्त्याकडे आणि एक नदीकडे, दोन्ही बाजू सारख्याच सजवलेल्या, म्हणजे होडीतून येणारा पाहुणाही पुढच्याच दाराने आत येणार. मला हे घर फार मोठं वाटतं. आणि ब्रँटफर्डची मोहॉक इन्स्टिट्यूट, जिथे आदिवासी मुलांना आईबापांपासून तोडून १९७० पर्यंत ठेवलं, तिचं छत गळायला लागलं तेव्हा समाजाला विचारलं की पाडायची का, तर बहुसंख्य लोकांनी सांगितलं की नाही, राहू दे, जे झालं त्याचा हा पुरावा आहे. ज्यांना तिथे त्रास झाला त्यांनीच इमारत जपायला सांगितली. एखादी भिंत का ठेवायची हे तिथल्या माणसांना विचारून ठरतं, आणि त्याला वेळ लागतो. तुमच्या तारखेत असला वेळ बसतच नाही.

पाचवी तक्रार पैशाची. डेझिग्नेशन झालं म्हणजे सगळं मिटलं असं मी म्हणत नाही. केंब्रिजच्या प्रेस्टन भागातलं प्रेस्टन स्प्रिंग्ज हॉटेल, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचं, गंधकाच्या पाण्यासाठी लांबून लोक यायचे, ते डेझिग्नेटेड होतं, तरी वर्षानुवर्षं रिकामं पडून राहिलं आणि २०२० च्या शेवटी शेवटी धोकादायक म्हणून पाडायला काढलं. रिकाम्या घराचं काय होतं ते वर पैठणचं लिहिलंच आहे. मालकांना दोष देऊन उपयोग नाही, दगडी भिंतीची दरज भरायला चुन्याचं काम येणारा गवंडी शोधायचा, छप्पर बदलायचं, जुन्या खिडक्या दुरुस्त करायच्या, याला पैसा लागतो आणि तो सामान्य माणसाकडे नसतो. हेरिटेज घरांना प्रॉपर्टी टॅक्समधे १० ते ४० टक्के सूट द्यायची सोय कायद्यात आहे, पण ती द्यायची की नाही हे गावावर सोडलंय, आणि तिजोरी रिकामी असलेलं गाव ती देणार कुठून.

तुम्ही म्हणाल पैसा कुठून आणायचा. तुमच्याच प्रांताने हे आधी करून दाखवलंय. १९४२ मधे फर्गसच्या वरच्या बाजूला शँड धरण झालं, त्याआधी ही नदी वसंतात पूर आणायची आणि उन्हाळ्यात पार आटायची. गावांना एकेकट्याने ते झेपणारं नव्हतं, म्हणून प्रांत, केंद्र आणि नदीकाठची गावं यांनी मिळून खर्च उचलला. तरीही १७ मे १९७४ ला गॉल्टच्या मेन स्ट्रीटवर पुराचं पाणी शिरलं, दुकानं बुडाली, पण त्या दगडी इमारती उभ्या राहिल्या आणि पाणी ओसरल्यावर लोकांनी गाळ काढून परत दुकानं उघडली. नदीचं पाणी अडवायला जर सगळ्यांनी मिळून पैसे घातले तर नदीकाठची गावं सांभाळायलाही घालता येतील.

आमच्या मागण्या अशा :

१. १ जानेवारी २०२७ ची मुदत कायमची रद्द करा. परत दोन वर्षं वाढवू नका, ते आम्ही एकदा बघितलंय. लिस्टमधलं नाव मालक आणि गाव मिळून काढतील तेव्हाच निघू दे.

२. ते लगेच जमत नसेल तर निदान पाच वर्षांची बंदी उठवा, म्हणजे काढलेलं नाव गावाला योग्य कारण देऊन परत घालता येईल.

३. विशिष्ट लोकसंख्येच्या खालच्या गावांसाठी प्रांताने संशोधनाचं काम स्वतः करून द्यावं. दोन-तीन तज्ज्ञांची टीम फिरती ठेवली तरी चालेल, एका नदीखोऱ्यात एक. ग्रँडपासून सुरुवात करा.

४. प्रॉपर्टी टॅक्सची सूट जी गावं देतील त्यांचा खर्च प्रांताने भरून द्यावा, आणि दुरुस्तीसाठी घरमालकांना थेट अनुदान सुरू करा.

५. सिक्स नेशन्सशी बोलल्याशिवाय ग्रँडकाठच्या कुठल्याही रजिस्टरचा फेरविचार करू नका, आणि ऐतिहासिक जागांवरच्या निळ्या पाट्यांवर जिथे नुसतं 'अमुक साली अमुक माणसाने गाव वसवलं' लिहिलंय तिथे त्याआधी ती जमीन कुणाची होती तेही लिहा.

६. पुढच्या वेळी घरबांधणीच्या बिलात हेरिटेजचा बदल घुसवणार असाल तर त्यावर छोट्या गावांत येऊन सुनावणी घ्या. टोरांटोत क्वीन्स पार्कला, म्हणजे विधानसभेत, कामाच्या दिवशी येणं आमच्या कमिटीतल्या ऐंशीच्या घरातल्या लोकांना जमत नाही.

आणि आता मराठी वाचकांसाठी दोन शब्द. तुम्ही ऑन्टारियोत कुठेही राहत असाल तर तुमच्या एमपीपीला, म्हणजे विधानसभेतल्या आमदाराला, एक ईमेल टाका, चार ओळी पुरे, बिल २३ मधली लिस्टेड इमारतींची मुदत काढून टाका एवढंच. इंग्रजी कसं जमेल म्हणून थांबू नका, ते लोक ईमेलचे आकडे मोजतात, व्याकरण तपासत नाहीत. तुमच्या स्वतःच्या शहराचं हेरिटेज रजिस्टर नेटवर असतं, ते उघडून बघा, तुमच्या गल्लीतलं एखादं घर त्यात निघेल. आणि पुढच्या वेळी एलोराला आलात तर घळ बघून लगेच परत फिरू नका, गावातून पायी हिंडा, म्युझियममधे जा, दुकानदाराशी बोला. तिथल्या कमिटीत नवी माणसं हवीच आहेत, आपल्यापैकी कुणी गेलं तर ते खुशीने घेतील.

मंत्रीमहोदय, विधानसभेचं अधिवेशन २०२६ संपायच्या आत या दुरुस्तीवर बसेल का, आणि बसणार नसेल तर का नाही, याचं लेखी उत्तर मला हवंय. ते आलं की मी ते इथेच जसंच्या तसं सगळ्यांसमोर ठेवीन.

आपली,
ग्रँड नदीकाठची एक मराठी रहिवासी